मार्च एंडिंगच्या धामधुमीत तिसऱ्या राउंडचा अर्ज भरावा का?

प्रश्न : मी २८ वर्षांची आहे. पुणे विद्यापीठातून मेकॅनिकलची बी.ई. केली. दुसऱ्या वर्षी एम-थ्रीला (गणिताच्या तिसऱ्या पेपरला) केटी लागली होती, पण शेवटी डिस्टिंक्शन मिळालं. पाच वर्षं चाकणच्या एका ऑटो-कंपोनंट कंपनीत आहे, सध्या सप्लायर क्वालिटी बघते. अमेरिकेत दोन वर्षांचं एमबीए करून ऑपरेशन्स कन्सल्टिंगमध्ये जायचं आहे. जानेवारीत जीमॅट ही एमबीएची प्रवेश परीक्षा दिली, ६१५ आले (क्वांट म्हणजे गणित ८५, व्हर्बल म्हणजे भाषा ८०, डेटा इनसाइट्स म्हणजे माहितीचं विश्लेषण ७६). पुन्हा १८ मार्चची तारीख घेतली आहे. मला हव्या असलेल्या चार बी-स्कूलची तिसऱ्या राउंडची, म्हणजे अर्जांच्या तिसऱ्या फेरीची, मुदत १ ते ८ एप्रिलच्या दरम्यान संपते. निबंध अजून सुरू केलेले नाहीत. रेकमेंडेशनसाठी प्लांट हेडना विचारलं तर ते म्हणाले, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ बाबांचं म्हणणं, भरून टाक, लागलं तर लागलं, नाहीतर सप्टेंबरमध्ये पुन्हा भर. एक वर्ष थांबलीस तर २९ची होशील. काय करू?
— वाचक, चिंचवड

उत्तर : चारही अर्ज एप्रिलमध्ये भरू नका. फार तर एक भरा, तोही १८ मार्चचा निकाल हातात आल्यावर आणि खाली सांगितलेल्या अटी जुळल्या तर. बाकीचे सप्टेंबरच्या पहिल्या राउंडसाठी ठेवा.

बाबांच्या म्हणण्यातलं ‘नाहीतर पुन्हा भर’ हे जितकं सोपं वाटतं तितकं नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. एका बी-स्कूलला एकदा अर्ज गेला आणि नकार आला की पुढच्या वेळी तुम्ही तिथं ‘रीॲप्लिकंट’ ठरता. जुना अर्ज त्यांच्याकडे असतो. बहुतेक ठिकाणी एक जादा निबंध लिहावा लागतो, आणि त्यात एकच प्रश्न असतो : मागच्या अर्जानंतर तुमच्यात काय बदललं? तिसऱ्या राउंडचा नकार मे महिन्यात येतो. पहिल्या राउंडची मुदत सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. मधल्या चार महिन्यांत बढती नाही, नवा प्रकल्प पूर्ण झालेला नाही, जीमॅटचे गुण वाढले तर तेवढेच. मग त्या निबंधात लिहिणार काय? जानेवारीत नकार मिळून पुढच्या सप्टेंबरमध्ये भरणाऱ्याकडे निदान सांगण्यासारखं काही साठलेलं असतं. घाईत केलेला एप्रिलचा अर्ज फुकट जात नाही, तो सप्टेंबरच्या अर्जाचं वजन कमी करतो.

आता राउंड थ्री म्हणजे नेमकं काय ते बघू. अमेरिकेतल्या मोठ्या बी-स्कूलचा पहिला राउंड सप्टेंबरमध्ये, दुसरा जानेवारीच्या सुरुवातीला आणि तिसरा मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत असतो. हार्वर्डनं तर सर्वसाधारण उमेदवारांसाठी तिसरा राउंड ठेवलेलाच नाही. तिसऱ्या राउंडपर्यंत वर्गातल्या बहुतांश जागा भरलेल्या असतात. उरलेल्या जागांवर त्यांना वर्गात जे कमी पडलंय ते हवं असतं : सैन्यातून आलेला कुणी, एखाद्या स्वयंसेवी संस्थेत किंवा कलाक्षेत्रात काम केलेला कुणी, अगदी वेगळ्या देशातून आलेला कुणी. भारतीय इंजिनीअर हा गट पहिल्या दोन राउंडमध्येच भरपूर असतो. तुम्ही कारखान्यात प्रत्यक्ष काम करणाऱ्या आहात, सॉफ्टवेअरमधल्या नाही, आणि शॉप फ्लोअरवर काम केलेल्या मुली अर्जदारांत कमीच असतात. ही तुमची जमेची बाजू खरी आहे. पण ती सप्टेंबरमध्येही तितकीच जमेची असेल, आणि तेव्हा जागा जास्त असतील.

शिष्यवृत्तीचंही तसंच. गुणवत्तेवर मिळणाऱ्या रकमेतली बरीचशी पहिल्या दोन राउंडमध्ये वाटली जाते. नामांकित बी-स्कूलमध्ये फी, राहणं, विमा असं सगळं धरून एका वर्षाचा खर्च १,२०,००० डॉलरच्या पुढे जातो, म्हणजे एक कोटी रुपयांच्या वर. अशा वेळी शिष्यवृत्ती न मिळणं म्हणजे बाबांच्या फ्लॅटवर तेवढं जास्त कर्ज.

आणि व्हिसा. तिसऱ्या राउंडचा निकाल साधारण मेच्या मध्यावर किंवा नंतर येतो, सत्र ऑगस्टमध्ये सुरू होतं, काही ठिकाणी त्याआधी प्री-टर्म (सत्रापूर्वीचे वर्ग) असते. हातात बारा-तेरा आठवडे. त्यात आधी डिपॉझिट भरायचं, पहिल्या वर्षाच्या पैशांचा पुरावा द्यायचा, मग कॉलेज आय-२० (व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र) पाठवणार, मग सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची ३५० डॉलर फी, डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म, व्हिसाची फी आणि शेवटी मुंबईच्या वकिलातीत बीकेसीला मुलाखतीचा स्लॉट. यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अडकलेली असते, म्हणून एक आठवडा कुठं घसरला की सगळंच घसरतं. २०२५ मध्ये मेच्या अखेरीस अमेरिकेनं विद्यार्थी व्हिसाच्या नव्या अपॉइंटमेंट देणं थांबवलं आणि जूनच्या मध्यानंतर, सोशल मीडियाची खाती तपासणीसाठी सार्वजनिक ठेवायची अट घालून, पुन्हा सुरू केलं. ज्यांचा निकाल मार्चमध्ये लागला होता त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा व्हिसा तोवर झालेला होता. मेमध्ये निकाल लागलेले बरोबर त्या खिडकीत सापडले. काही बी-स्कूल परदेशी उमेदवारांना शेवटच्या राउंडला अर्ज करू नका असं स्वतःच सांगतात, ते याच कारणानं.

पैशांच्या पुराव्यात सर्वांत जास्त वेळ जातो तो तारणी कर्जात. फ्लॅट तारण ठेवायचा तर बँक मूळ खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), सोसायटीची एनओसी आणि कर-पावत्या मागते. मग बँकेच्या पॅनेलवरचा वकील टायटल सर्च (मालकीहक्काची तपासणी) करतो, व्हॅल्युअर येऊन जातो. खरेदीखतात आजोबांचं किंवा काकांचं नाव असेल, किंवा आधीच्या गृहकर्जाचा बोजा उतरवलेला नसेल, तर कित्येक आठवडे जातात. मेमध्ये निकाल आल्यावर हे सुरू केलं तर आय-२० जूनअखेरीपर्यंत लांबू शकतं. तुम्ही सप्टेंबरमध्ये अर्ज करा वा एप्रिलमध्ये, फ्लॅटची कागदपत्रं आजच काढून बघा. यात राउंडचा काही संबंध नाही.

आता तुमच्या हातातल्या तारखा. जीमॅटच्या दोन प्रयत्नांत १६ दिवसांचं अंतर ठेवावं लागतं. १८ मार्चचा पेपर बिघडला तर पुढची परीक्षा लवकरात लवकर ३ एप्रिलला. म्हणजे १ आणि २ एप्रिलच्या मुदती आपोआप गेल्या, आणि ८ तारखेच्या मुदतीसाठी तुम्ही निबंध लिहिण्याच्या आठवड्यातच तिसऱ्यांदा परीक्षा देत असाल.

गुणांचं गणित असं आहे. नव्या २०५ ते ८०५च्या मोजपट्टीवर ६४५ म्हणजे जुन्या परीक्षेतले सुमारे ७००. तुमचे ६१५ त्याखाली आहेत. तुम्ही ज्या दर्जाच्या बी-स्कूलकडे बघत असाल त्यांच्या वर्गाची सरासरी साधारण ६६० ते ६९०च्या पट्ट्यात येते. तिन्ही विभागांचं वजन सारखं आहे, आणि कुठल्याही विभागात एक गुण वाढला की एकूण आकडा सरासरी सहा-सातने सरकतो. तुमच्या तीन विभागांची बेरीज २४१ आहे. ६६५ला पोचायला ती २४९च्या आसपास जायला हवी. क्वांट ८५चं ८६ करायला जेवढी मेहनत लागते तेवढ्यात डेटा इनसाइट्स ७६चं ७९ होऊ शकतं, म्हणून १८ मार्चपर्यंतचा वेळ बहुतांश तिकडेच घाला.

डेटा इनसाइट्समध्ये ४५ मिनिटांत २० प्रश्न असतात. एका प्रश्नात दोन-तीन उपप्रश्न असले तर सगळे बरोबर आले तरच गुण, अर्ध्या उत्तराला काही नाही. इंजिनीअर मंडळी इथंच अडकतात. तक्त्यावरच्या प्रश्नात दोन भाग नक्की बरोबर आलेत, तिसऱ्यावर शंका आहे, म्हणून चार मिनिटं घालवतात आणि शेवटचे तीन प्रश्न न वाचता ठोकतात. एका प्रश्नाला तीन मिनिटांची कमाल मर्यादा घाला, अडलं तर अंदाजानं उत्तर देऊन खूण करा, शेवटी वेळ उरला तर परत या. प्रत्येक विभागात तीन उत्तरं बदलता येतात. डेटा सफिशियन्सीचे प्रश्नही आता याच विभागात येतात, आणि तिथं पूर्ण आकडेमोड करत बसायचं नसतं. दिलेली माहिती पुरेशी आहे की नाही एवढंच ठरवायचं असतं. कॅल्क्युलेटर फक्त याच विभागात मिळतो. त्याची सवय केली नाही तर त्यातही वेळ जातो.

प्लांट हेडच्या ‘तूच लिहून आण’ला मात्र ठामपणे नाही म्हणा. हे आपल्याकडे इतकं सर्रास चालतं की त्यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नाही. पण शिफारस शिफारस करणाऱ्यानंच लिहायची, अशी बी-स्कूलची स्पष्ट अट असते, आणि उमेदवारानं लिहिलेलं पत्र पकडलं गेलं तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. न पकडलं गेलं तरी ते पत्र दुबळंच असतं. तुमच्या निबंधातले शब्द, वाक्यांची ठेवण, उदाहरणं त्यात पुन्हा येतात. शिवाय स्वतःबद्दल लिहिताना माणूस ‘ती मेहनती आहे, टीम प्लेअर आहे’ असंच गुळमुळीत लिहितो. वरिष्ठाला जे दिसतं ते तुम्हाला दिसतच नाही.

बहुतेक बी-स्कूल साधारण सारखेच प्रश्न विचारतात : या व्यक्तीला तुम्ही कसं आणि किती काळ ओळखता, त्याच प्रकारच्या कामातल्या इतर चांगल्या लोकांच्या तुलनेत ती कशी आहे, उदाहरणासह सांगा, तुम्ही तिला दिलेला सर्वांत महत्त्वाचा सुधारणेचा सल्ला कोणता आणि तिनं त्यावर काय केलं. तिसऱ्या प्रश्नाला भारतीय वरिष्ठ हटकून अडतात, कारण आपल्या माणसाचा दोष लिहिणं त्यांना तिचं नुकसान केल्यासारखं वाटतं. म्हणून त्यांना हे आधी समजावून सांगा की खरा दोष आणि त्यावर झालेली खरी सुधारणा हेच त्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुम्ही एक पान तयार करून द्या : कोणत्या वर्षी कोणता प्रकल्प, तुमचा वाटा काय, आकडे काय, त्यांनी तुम्हाला कधी काय सुनावलं होतं. मुद्दे द्या, वाक्यं देऊ नका. त्यांचं इंग्रजी साधं असलं तर असू द्या, तपशील ठोस हवेत. पत्र त्यांच्या कंपनीच्या ईमेलवरून जावं, वैयक्तिक खात्यावरून नको.

यातच सगळ्यात साधी आणि दुर्लक्षिलेली अडचण आहे. तुमच्या मुदती १ ते ८ एप्रिल, म्हणजे प्लांट हेडचं मार्च एंडिंग. डिस्पॅचचं टार्गेट, स्टॉक टेकिंग, ऑडिट. त्या पंधरवड्यात त्यांच्याकडून चार वेगवेगळ्या पोर्टलवर विचार करून लिहिलेली चार पत्रं मिळणं कठीण आहे. जी मिळतील ती रात्री अकराला, दहा मिनिटांत लिहिलेली असतील. त्यांच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पत्र मागितलंत तर त्याच माणसाकडून वेगळं पत्र मिळेल.

तेव्हा अटी या : १८ मार्चला ६६५ किंवा त्याहून जास्त आले; एक बी-स्कूल असं आहे जिथं नकार आला तरी पुन्हा अर्ज करायची तुमची इच्छा नाही; आणि त्यांच्या प्रवेश विभागानं तुमच्या ईमेलला नीट उत्तर दिलं. त्या ईमेलमध्ये तीनच प्रश्न विचारा. या राउंडमध्ये प्रवेश मिळणाऱ्यांना शिष्यवृत्तीसाठी अजून विचारात घेतलं जातं का? परदेशी उमेदवाराला वेळेत आय-२० मिळावं म्हणून तुम्ही कोणत्या तारखेपर्यंत अर्ज करायला सांगता? आणि व्हिसा वेळेत न मिळाल्यास जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता का? तिसऱ्या प्रश्नाला ‘प्रकरण पाहून ठरवू’ असं उत्तर आलं तर ते नाही समजा. तिन्ही जुळलं तर तिथं अर्ज करा. यादीतलं सर्वांत आवडतं बी-स्कूल यासाठी निवडू नका.

तो एक अर्ज भरलाच तर वेळेचा गोंधळ टाळा. एप्रिलमध्ये अमेरिकेची पूर्व किनाऱ्यावरची वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. दुपारी १२ची मुदत म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, आणि संध्याकाळी ५ची मुदत म्हणजे दुसऱ्या दिवशीचे पहाटे अडीच. फी २५० डॉलरच्या आसपास असते. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का आणि मर्यादा पुरेशी आहे का, ते आदल्या आठवड्यात बँकेच्या ॲपमध्ये बघून ठेवा. ऐन रात्री पेमेंट फेल झालं तर मदतीला कुणी नसतं.

केटीबद्दल : लपवू नका आणि रडगाणंही गाऊ नका. ऐच्छिक निबंधात चार ओळी पुरतात. कोणता विषय, कोणत्या सत्रात, का, पुढच्या प्रयत्नात किती गुण. मग लगेच क्वांटच्या ८५कडे बोट दाखवा, कारण गणिताची शंका त्यानंच मिटते. आठही सत्रांच्या गुणपत्रिका, नापास सत्राची धरून, स्वच्छ स्कॅन करा. विद्यापीठाचे गुण अमेरिकन पद्धतीच्या चारच्या मोजपट्टीवर स्वतःहून बदलून लिहू नका. जसे आहेत तसेच लिहा, कॉलेजनं वेगळं मागितलं तरच बदला. अर्जासाठी बहुधा स्कॅन चालतात, पण प्रवेश मिळाल्यावर सीलबंद ट्रान्सक्रिप्ट लागतील. त्याला विद्यापीठात वेळ लागतो, तेव्हा ती आधीच काढून ठेवा.

निबंधांचं खरं काम मे आणि जूनमध्ये होईल, आणि तिथं तुमच्याकडे इतरांपेक्षा जास्त आहे. फक्त ‘ऑपरेशन्स कन्सल्टिंग’ एवढ्यावर थांबू नका, ते हजारो जण लिहितात. चाकणच्या एखाद्या छोट्या कास्टिंग पुरवठादाराकडे तुम्ही आठवड्यातून किती दिवस जात होतात? रिजेक्शनचा पीपीएम (दहा लाख भागांमागे नाकारलेले भाग) किती होता, किती झाला? मोल्डिंग सँडमधला ओलावा तपासायला त्या मालकाला पटवताना काय झालं? लाइन थांबली तेव्हा ग्राहकाला फोन कुणी केला? यातून ‘मला छोट्या पुरवठादारांच्या साखळीतल्या गुणवत्तेवर काम करायचं आहे आणि त्यासाठी मला वित्त आणि धोरण यांचं ज्ञान कमी पडतंय’ असं वाक्य निघालं तर ते फक्त तुमचं असेल. रेझ्युमेतही ‘रिस्पॉन्सिबल फॉर’नं सुरू होणारी ओळ काढून टाका आणि प्रत्येक ओळीत आधी काय बदललं, मग किती, मग कसं, असं लिहा. एका पानापलीकडे जाऊ नका.

२९ वर्षांची होण्याची काळजी करू नका. अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या एमबीए वर्गाचं सरासरी वय २७-२८ आणि अनुभव पाच वर्षांच्या आसपास असतो. २९व्या वर्षी सहा वर्षांचा अनुभव घेऊन जाणं अगदी सर्वसाधारण आहे. आणि वर्ष वाया जाऊच द्यायचं नसेल तर युरोपकडे बघा. फ्रान्समधल्या इन्सियाड या बी-स्कूलच्या दहा महिन्यांच्या एमबीएची एक तुकडी जानेवारीत सुरू होते, तिचे अर्ज तिथल्या वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत वेगवेगळ्या राउंडमध्ये घेतात, आणि वर्गाचं सरासरी वय २९च्या आसपास असतं. जानेवारीच्या तुकडीला मधल्या उन्हाळ्यात दोन महिन्यांची सुट्टी असते, त्यात इंटर्नशिप करता येते. ऑगस्टअखेर सुरू होणाऱ्या दुसऱ्या तुकडीला ती सोय नाही. एचईसी पॅरिसमध्येही सप्टेंबर आणि जानेवारी अशा दोन तुकड्या असतात. तिथं तुम्ही उशिरा अर्ज करणाऱ्या नसून वेळेवर अर्ज करणाऱ्या ठराल.

१८ मार्चनंतर ६६५ आले नाहीत तर पुढची तारीख एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात घ्या, ३ एप्रिलला नको. मार्च एंडिंग उरकलेलं असेल आणि तयारीला महिनाभर मिळेल. मग मेपासून बी-स्कूलची यादी पक्की करायची, नवे निबंधप्रश्न जाहीर होतील तसे लिहायला घ्यायचे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे पहिले खर्डे हवेत. आणि प्लांट हेडना आजच सांगा की एप्रिलमध्ये फार तर एकच पत्र लागेल, बाकीची जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लागतील, आणि ती त्यांनीच लिहायची आहेत. मुद्द्यांचं एक पान तुम्ही जूनअखेर त्यांच्या टेबलावर ठेवाल.